डोक्याला मार लागून सुट्टी झाली, आता तिसऱ्या आठवड्यात नाकातून रक्त आलं. डीएसए (नळी टाकून मेंदूच्या नसांची तपासणी) करायचाच का?

बुटीबोरीचा धाकटा:

नमस्कार मंडळी, जरा लवकर उत्तर द्या, घरी सगळे गोंधळून गेलेत. माझा मोठा भाऊ, वय ३४, कंपनीतून रात्रपाळी करून घरी येत होता, वर्धा रोडवर गिट्टीवरून गाडी घसरली आणि डोकं दुभाजकावर आपटलं, हेल्मेट हँडलला लटकवलेलं होतं. १०८ वाल्यांनी उचलून नेलं, सीटी काढला, कवटीच्या तळाच्या हाडाला फ्रॅक्चर आणि मेंदूला थोडा मुका मार असं सांगितलं. दोनतीन दिवस नाकातून पाण्यासारखं गळत होतं ते आपोआप थांबलं. ऑपरेशन लागलं नाही, आठवड्याभरात सुट्टी दिली, आम्हाला वाटलं सुटलो बापा.

आता तिसरा आठवडा चालू आहे. परवा रात्री जेवताना अचानक डाव्या नाकपुडीतून रक्ताची धार लागली, टॉवेल भिजला पूर्ण, वहिनी घाबरून रडायलाच लागली. दहापंधरा मिनिटांत थांबलं. कालपासून डाव्या डोळ्यामागे ठणकून राहिलं आणि त्या डोळ्याने धूसर दिसून राहिलं म्हणतो. आज डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले मेंदूच्या नसेवर फुगा आला असू शकतो, लगेच भरती करा, आधी सीटी अँजिओ आणि मग डीएसए लागेल.

काका म्हणतात पहिल्या दिवशीचा सीटी चांगला होता, मेंदूत फुगा असता तर तेव्हाच दिसला असता, नाकाचं रक्त तर उन्हाळ्यात आपल्याकडं कोणाचंही फुटते, कांदा हुंगवा आणि डोक्यावर पाणी मारा. आई म्हणते मांडीतून तार टाकून मेंदूपर्यंत नेतात म्हणजे त्यातच काही झालं तर. खर्चाचाही प्रश्न आहेच. कोणाला अनुभव आहे का? हे खरंच इतकं अर्जंट असतं का की आठवडाभर थांबून पाहता येईल?

आयसीयूतली ताई:

भाऊ, बाकीचं नंतर वाच, आधी दादाला घेऊन आजच्या आज निघा. मी नागपुरातच न्यूरो आयसीयूत बरीच वर्षं काम करून राहिले म्हणून सांगते, कवटीच्या तळाला फ्रॅक्चर, त्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी एका बाजूच्या नाकपुडीतून जोरात रक्त, आणि त्याच बाजूच्या डोळ्याची नजर कमी, हे तिन्ही एकत्र दिसलं की आमच्याकडे सगळे धावतात. मेंदूला रक्त नेणारी मोठी कॅरोटिड नस त्या तळाच्या हाडातूनच वर जाते, नाकाच्या मागच्या पोकळीला अगदी लागून. हाडाच्या फटीनं तिला चीर गेली असेल तर रक्त नाकात उतरतं. पहिली धार आपोआप थांबते म्हणून लोक घरी राहतात आणि दुसरी धार थांबत नाही. उन्हाळ्यातलं नाक फुटणं वेगळं, ते नाकाच्या पुढच्या भागातल्या बारीक नसांचं असतं, त्याला डोळ्याची तक्रार नसते आणि आधी फ्रॅक्चरही नसतं.

रस्त्यात रक्त आलं तर बसवून थोडं पुढं वाकवा, आडवं झोपवू नका, रक्त गिळू देऊ नका, आणि घरी नाकात कापूस बोळे काही कोंबू नका कारण वरचं हाड तुटलेलं आहे. नाक शिंकरू द्यायचं नाही. डोकं दुखतं म्हणून ब्रुफेन, डिस्प्रिन असलं काही देऊ नका, त्यानं रक्त अजून वाहतं. आधीपासून ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर कॅज्युअल्टीत पाय ठेवल्याबरोबर सांगा. डिस्चार्ज कार्ड आणि जुन्या सीटीची सीडी सोबत घ्या, नुसत्या फिल्म नको, सीडीवरून डॉक्टरांना फ्रॅक्चरची रेष नसेच्या नळीतून गेली का ते नीट पाहता येते.

आणि निघायच्या आधी फोन करून एकच गोष्ट विचारा, रात्री कॅथलॅब (नसेतून नळी टाकून काम करायची खोली) चालू असते का आणि मेंदूच्या नसांचं काम करणारे डॉक्टर आहेत का. धंतोली, रामदासपेठेत हॉस्पिटलं गल्लोगल्ली आहेत पण हे काम सगळीकडे होत नाही, एका दारातून दुसऱ्या दारात फिरण्यात रात्र जाते.

निवासी_न्यूरोसर्जरी:

ताईंनी सांगितलं ते शंभर टक्के बरोबर, थांबू नका. मी काकांच्या मुद्द्याला उत्तर देतो कारण हा प्रश्न रोज ऐकतो आणि त्यात नातेवाइकांची काही चूक नसते, त्यांना कोणी नीट सांगितलेलंच नसतं.

पहिल्या दिवशी जो साधा सीटी काढतात तो रंगद्रव्य न देता काढतात. त्यात हाड दिसतं, साचलेलं रक्त दिसतं, मेंदूची सूज दिसते. नसेची भिंत त्यात दिसत नाही. दुसरं म्हणजे मार लागून होणारा फुगा त्या क्षणी असेलच असं नाही. नेहमीचा जो अ‍ॅन्युरिझम असतो त्यात नसेची भिंत वर्षानुवर्षं कमजोर होत जाऊन फुगते, फुगली तरी भिंत असते. मारामुळे जो होतो त्यात बहुतेक वेळा भिंत आरपार फाटलेली असते आणि बाहेर साचलेल्या रक्ताची गुठळी नि आजूबाजूचा मऊ भाग एवढंच काय ते रक्त अडवून धरतं. जमिनीखालचा पाइप फुटला पण वरची माती दाबून बसली म्हणून पाणी थांबलं, तसं. गुठळी जसजशी विरघळते तसतशी तिथं पोकळी होते, ती वाढत जाते आणि एक दिवस फुटते. म्हणून हे फुटणं साधारण दोनतीन आठवड्यांनी जास्त दिसतं, कधी थोडं आधी, कधी महिन्यांनी. तुमच्या दादाची वेळ नेमकी तीच आहे. आणि म्हणूनच पहिल्याच दिवशी अँजिओग्राफी करून ती चांगली आली तरी संशय असेल तर एकदोन आठवड्यांनी परत करतात.

दुर्मिळ आहे हे खरं, मेंदूतल्या एकूण अ‍ॅन्युरिझममध्ये मारामुळे झालेले १ टक्क्याच्याही आत असतात. पण फुटले तर जुन्या अहवालांमध्ये निम्म्यापर्यंत रुग्ण दगावल्याचं लिहिलंय. म्हणून आठवडाभर थांबून पाहू या प्रश्नाला माझं उत्तर नाही असंच आहे.

आता आईंच्या भीतीबद्दल. सीटी अँजिओ म्हणजे हाताच्या शिरेतून रंगद्रव्य देऊन काढलेला सीटी, पाचदहा मिनिटांचं काम, त्यात बहुतेक वेळा कळून जातं. पण कवटीच्या तळाशी हाड आणि नस इतकी चिकटून असते की सीटी अँजिओत लहान फुगा हाडात लपू शकतो, आणि रक्त कुठून कसं फिरतंय हेही त्यात कळत नाही. डीएसएमध्ये मांडीच्या किंवा मनगटाच्या नसेतून बारीक नळी मानेपर्यंत नेतात आणि तिथून रंगद्रव्य सोडून चित्रं घेतात. जागा बधिर करतात, पेशंट बहुतेक जागाच असतो, रंग सोडला की चेहऱ्यावर गरम वाफ आल्यासारखं वाटतं एवढंच. पद्धत काही नवी नाही, पोर्तुगालच्या एगास मोनिझनं मेंदूच्या नसांची अँजिओग्राफी १९२७ मध्येच केली होती, तेव्हापासून नळ्या, औषधं, मशिनं सगळं खूप सुधारलंय. लकव्यासारखा कायमचा धोका अनुभवी हातात १ टक्क्याच्या बराच आत असतो. आधी क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) पाहतात, रंगद्रव्याची किंवा इतर काही अ‍ॅलर्जी असेल तर सांगा, शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगा. नंतर काही तास पाय सरळ ठेवून झोपायचं.

बुटीबोरीचा धाकटा:

ताई, डॉक्टर, खूप खूप आभार. काल रात्रीच भरती केलं. सीटी अँजिओ झाला, रिपोर्टमध्ये डाव्या इंटर्नल कॅरोटिडच्या कॅव्हर्नस भागात ६ मिमीचा स्यूडोअ‍ॅन्युरिझम, म्हणजे धड भिंत नसलेला फुगा, असं लिहिलंय. पहाटे परत थोडं रक्त आलं होतं, कानानाकघशाच्या डॉक्टरांनी येऊन नाक पॅक केलं. दादा शुद्धीवर आहे, बोलतो, डोळा मात्र तसाच. उद्या सकाळी डीएसए. आता काका स्वतः इथं बाकड्यावर झोपून आहेत, घरी जायला तयार नाहीत.

डॉक्टर इथले म्हणतात की नस पूर्ण बंद करावी लागू शकते, किंवा आतून जाळी टाकता येईल, डीएसए पाहून ठरवू. नस बंद करायची म्हणजे मेंदूचा अर्धा भाग मरणार नाही का? फुगा क्लिप लावून बंद करता येत नाही का, मामाच्या शेजाऱ्याला क्लिप लावली होती म्हणे.

हिंगणा_रोड_वहिनी:

दादा माझ्या नवऱ्याला अशीच नस बंद केली, आज कामावर जातात, म्हणून धीर धरा. त्यांचा अपघात समृद्धीवर झाला होता. आम्हाला पण हेच सांगितलं की नस बंद करू तेव्हा माझे हातपाय गळाले होते. पण बंद करायच्या आधी ते एक टेस्ट करतात, नळीच्या टोकाला छोटा फुगा असतो तो त्या नसेत फुगवून रक्त तात्पुरतं थांबवतात आणि पेशंट जागा असतो, त्याला बोलायला लावतात, मूठ आवळ, पाय उचल, हे चित्र कशाचं, असं अर्धा तासभर. काही झालं नाही म्हणजे दुसऱ्या बाजूची नस पूर्ण मेंदूला पुरते. यांना तेव्हा मुलांची नावं, शाळा, वर्ग सगळं विचारलं आणि त्यांनी सगळं बरोबर सांगितलं. मग तारेचे वेटोळे भरून ती नस कायमची बंद केली. नंतर दोन दिवस बीपी वर ठेवलं होतं, बेडवरून उठू दिलं नाही. नाकातून रक्त त्या दिवसापासून बंद.

डोळ्याचं मात्र आमचं पूर्ण आलं नाही, थोडी नजर आली. त्याचं आम्हाला आधीच सांगितलं होतं की फुग्यानं डोळ्याची नस दाबल्यामुळं नजर गेली असेल तर येईल, अपघातातच डोळ्याच्या नसेला मार बसला असेल तर सांगता येणार नाही. तुम्ही हे आधी विचारून घ्या म्हणजे नंतर मन खचत नाही. आणि एक, वहिनीला एकटीला तिथं ठेवू नका, कोणीतरी बाई माणूस सोबत द्या, सह्या घ्यायला येतात तेव्हा काही सुचत नाही.

निवासी_न्यूरोसर्जरी:

वहिनींनी बलून टेस्ट किती छान सांगितली, मला इतकं नीट जमलं नसतं. फक्त एक जोड, टेस्टमध्ये पास झाला तरी नंतर लकव्याचा थोडा धोका राहतोच, म्हणून पहिले काही दिवस बीपी आणि पाणी सांभाळतात.

क्लिपबद्दल. क्लिप लावायला फुग्याला मान लागते आणि मानेशी धड भिंत लागते. इथं दोन्ही नाही, वर सांगितलं तसं भिंतच नाही, त्यामुळे क्लिप लावायला गेलं की तो भाग हातात फाटतो. शिवाय कॅव्हर्नस भाग म्हणजे हाडात, शिरांच्या जाळ्यात आणि डोळा हलवणाऱ्या नर्व्हच्या गर्दीत, तिथं कवटी उघडून पोचणं फार कठीण. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या बारीक फांदीवर असा फुगा असेल, जसं कवटीचा तुकडा आत घुसून झालेला, तर ऑपरेशन करून तो भाग दोन्हीकडून बंद करून काढून टाकता येतो आणि ते चांगलं काम आहे. शेजाऱ्यांचा बहुधा नेहमीचा अ‍ॅन्युरिझम असेल.

नुसत्या कॉइल (तारेचे वेटोळे) भरून मोकळं व्हावं असं पूर्वी बऱ्याच ठिकाणी करायचे. कॉइल गुठळीत सरकतात आणि फुगा परत भरतो, म्हणून एकट्या कॉइलवर मी तरी भरवसा ठेवणार नाही. जाळी म्हणजे फ्लो डायव्हर्टर, ती नसेच्या आत बसते आणि फुग्यात जाणारं रक्त वळवते, नस शाबूत राहते हा मोठा फायदा. पण दोन अडचणी आहेत. ती फुगा त्याच दिवशी बंद करत नाही, आठवडे महिने लागतात, आणि ती टाकली की ॲस्पिरिन सोबत दुसरी एक रक्त पातळ करायची गोळी द्यावीच लागते नाहीतर जाळीत गुठळी होते. ज्याच्या नाकातून आजच रक्त आलंय त्याला रक्त पातळ करायची गोळी, हे समजून घ्या किती अवघड गणित आहे. कापड लावलेला स्टेंट लगेच भोक बंद करतो पण तो कडक असतो, त्या वळणातून नेणं जमेलच असं नाही, आणि गोळ्या त्यालाही लागतात. म्हणून टेस्ट चांगली आली आणि परत परत रक्त येत असेल तर नस बंद करणं हा काही शेवटचा नाइलाज नाही, बऱ्याचदा तोच सगळ्यात खात्रीचा मार्ग असतो. टेस्टमध्ये नापास झाला तर जाळी, किंवा बायपास करून मग बंद करणं. तुमचे डॉक्टर डीएसए पाहून ठरवू म्हणतात ते अगदी योग्य आहे, आधीच ठरवून बसले असते तर मला काळजी वाटली असती.

सदर_संजीवन:

सगळं वाचून राहिलो. माझं मत थोडं वेगळं आहे, एवढं मोठं काम इथं काहून करायचं, मुंबईला न्या ना, समृद्धीनं कार्डिअ‍ॅक अँब्युलन्समध्ये आठनऊ तासांत पोचाल.

आयसीयूतली ताई:

दादा तुमची काळजी समजते पण पॅक केलेलं नाक घेऊन आठ तास रस्त्यावर, मध्येच सिंदखेडराजाच्या आसपास धार लागली तर अँब्युलन्समध्ये काय करणार? रक्त चालू असलेला पेशंट हलवत नाहीत. दुसरं मत हवं असेल तर डीएसएची चित्रं फोनवर, मेलवर पाठवून तासाभरात मिळते, पेशंटला फिरवायची गरज नाही. नागपुरात खासगीतही आणि सरकारीतही हे काम करणारे लोक आहेत, सरकारी मेडिकल कॉलेजचं सुपर स्पेशालिटी आहे, मिहानमधलं एम्स आहे, यवतमाळ, गोंदिया, छिंदवाड्यापासून लोक इथंच येतात.

कागदपत्रं_काका:

मी अशा पेशंटच्या नातेवाइकांना कागदांसाठी मदत करतो म्हणून खर्चाचं लिहितो. केंद्राची अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस योजना मे २०२५ मध्ये आली, दीड लाखांपर्यंत, पण ती अपघातापासून ७ दिवसांच्याच उपचाराला. तुमचा त्रास तिसऱ्या आठवड्यात सुरू झाला, त्यामुळे त्यात आता काही होणार नाही, त्या मागं वेळ घालवू नका. मला हे मनापासून चुकीचं वाटतं, ज्या दुखापती उशिरा वर येतात त्यांचं काय, पण नियम तसा आहे.

तुमच्यासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना पाहा. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली केलीये. हॉस्पिटल योजनेच्या यादीत पाहिजे, तिथं आरोग्यमित्राचा टेबल असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आत्ताच जा, डीएसए व्हायच्या आधी, नंतर नको, कारण मंजुरी आधी लागते. कोणतं पॅकेज लागेल, जाळी किंवा कॉइल त्यात धरतात का, हे स्पष्ट विचारा, या वस्तूच महाग असतात. भाऊ कंपनीत आहे म्हणता तर ईएसआयसी (कामगार विमा) कापत असतील, पगाराची स्लिप पाहा, कंपनीतल्या एचआरला आजच फोन करा. रात्रपाळीवरून येताना झालेला अपघात आहे हेही त्यांना लेखी कळवा. अपघाताची एमएलसी (हॉस्पिटलनं पोलिसांसाठी केलेली नोंद) झालीच असेल, तिचा नंबर आणि पोलीस स्टेशनची नोंद घेऊन ठेवा, आणि आताच्या कागदांवर हा फुगा त्या अपघातामुळं झाला असं डॉक्टरांकडून लिहून घ्या, नाहीतर विमावाले म्हणतात हा आजार आधीचा.

मानकापूरची_आई:

मधेच विचारते, माफ करा. संक्रांतीला माझा ९ वर्षांचा मुलगा पतंग उडवताना गच्चीवरून खालच्या शेडवर पडला होता. सीटीत मधोमध थोडं रक्त दिसलं होतं, ते विरघळलं म्हणून सांगितलं, शाळेत जाऊन राहिला. हे सगळं वाचून पोटात गोळा आला. लहान मुलांना पण असं होते का?

निवासी_न्यूरोसर्जरी:

ताई, मुलांमध्ये अ‍ॅन्युरिझम मुळातच कमी, पण जे होतात त्यात मारामुळे झालेल्यांचा वाटा मोठ्यांपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून प्रश्न बरोबर आहे. मेंदूच्या दोन अर्ध्यांमध्ये एक कडक पडदा असतो, डोकं जोरात आपटलं की मेंदू हलतो आणि मधून जाणारी नस त्या पडद्याच्या धारेवर घासली जाते. म्हणून मधोमध, पडद्याच्या कडेला रक्त दिसलं असेल तर रिपोर्टमध्ये नेमकी जागा काय लिहिलीये ते महत्त्वाचं. मुलगा खेळतो, जेवतो, शाळेत जातो म्हणजे आत्ता धावपळ करायची गरज नाही, पण जुन्या सीटीची सीडी घेऊन या आठवड्यात न्यूरोसर्जनला एकदा दाखवा आणि सरळ विचारा की नसांची तपासणी झाली होती का, नसेल तर सीटी अँजिओ किंवा एमआर अँजिओ लागेल का. एमआर अँजिओत किरणं नसतात, लहान मुलांसाठी ते बरं. अचानक खूप डोकं दुखून उलटी झाली, झटका आला, झोपेतून उठेना, एक हात ढिला पडला, तर आठवडा वगैरे काही नाही, लगेच कॅज्युअल्टी.

बुटीबोरीचा धाकटा:

डीएसए झाला. टेस्ट चांगली आली, दादानं सगळे अंक उलटे म्हणून दाखवले म्हणे. त्याच टेबलवर नस बंद केली. आत्ता आयसीयूत आहे, दोन्ही हात उचलतो. नाकाचा पॅक परवा काढतील. योजनेच्या मंजुरीचे कागद इथल्या कागदपत्रं_काकांनी सांगितलं तसं आधीच टाकले होते. डोळ्याचं विचारलं, वाट पाहा म्हणाले. पुढं काय काय विचारून ठेवू?

आयसीयूतली ताई:

वा, किती बरं वाटलं वाचून! नाकाचा पॅक काढताना ऑपरेशन थिएटरची तयारी आहे का ते विचार, बहुतेक असतेच. पहिले काही दिवस त्याला एकदम उठवू नका, जुलाब किंवा उलट्या झाल्या तर लगेच सांगा, पाणी कमी पडून बीपी खाली गेलं तर त्या बाजूच्या मेंदूला रक्त कमी पडते. घरी गेल्यावर बोलताना अडखळला, उजवा हात किंवा पाय जड झाला, तोंड वाकडं वाटलं, तर १०८, एक मिनिटही वाट पाहायची नाही. सुट्टीच्या वेळी कॉइलचं कार्ड मागून घ्या, पुढं एमआरआय करायची वेळ आली की दाखवायला लागते, कॉइल प्लॅटिनमच्या असतात, एमआरआय सहसा चालतो पण कार्ड पाहिल्याशिवाय टेक्निशियन आत घेत नाही. काही महिन्यांनी परत तपासणी सांगतील, तेव्हा दादा ठणठणीत असेल तरी ती चुकवू नका. सिगरेट ओढत असेल तर ती बंदच. गाडी चालवायचं डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही, एका डोळ्याची नजर कमी असताना तर मुळीच नाही. आणि वहिनीला आज घरी पाठव झोपायला, तू आणि काका दोघं थांबा रात्री.